दरडोई खर्च कमी म्हणून विद्यापीठ कार्यक्षम ठरत नाही

एकूण खर्चाला विद्यार्थिसंख्येने भागायचं; आकडा कमी तर विद्यापीठ कार्यक्षम, हा समज चुकीचा आहे. मुंबई, पुणे अशा संलग्न महाविद्यालयांच्या विद्यापीठांत तो सपशेल फसतो. अनुदानित महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांचे पगार सरकार देतं, विद्यार्थी मात्र विद्यापीठाच्या भाजकात येतात. समजा, खर्च ५०० कोटी आणि विद्यार्थी ५ लाख: दरडोई १०,००० रुपये. त्यातले ४०० कोटी आवारातल्या विभागांवर जात असतील आणि तिथे विद्यार्थी १०,००० असतील, तर तिथला आकडा ४ लाख! हे हिशेब आधी वेगळे कराच.

डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस, म्हणजे साधनं (पैसा, शिक्षक) आणि फलितं (पदवीधर, संशोधन) यांची संस्थांमध्ये तुलना करून ० ते १ गुण देणारी पद्धत. तिच्यातही १ गुणाचा अर्थ एवढाच, की निवडलेल्या गटात त्या विद्यापीठाहून सरस कुणी नाही. तीन साधनं, तीन फलितं धरली तर किमान १८ विद्यापीठं घ्या; दहाच घेतली की पुष्कळांना फुकटचा १ मिळतो.