पन्नाशीनंतर गावी येऊन गाई घ्यायच्यात? गोठ्याआधी सातबारा बघा

पाटण, जावळी, माण, खटाव, तिकडे शिराळा, आटपाडी, जत. या तालुक्यांतली बरीच कर्ती माणसं मुंबई-पुण्यात नोकरी करून गावी परततात. माथाडी, गोदी, एसटी, कुठली तरी कंपनी. हातात थोडा फंड असतो, वडिलोपार्जित दोन-तीन एकर असतात, आणि दोन गाई घेऊन दूध घालावं असं मनात असतं. बेत चांगला आहे. पण या माणसांचे अनुदानाचे आणि कर्जाचे अर्ज फार परत येतात, आणि बहुतेकांचं कारण एकच असतं: माणूस गावी आला तरी त्याची कागदपत्रं अजून मुंबईत आणि वडिलांच्या नावावर असतात.

आधी एक गैरसमज काढून टाका. "नाबार्डची डेअरीची सबसिडी" म्हणून जे ऐकता, ती जुनी डेअरी उद्योजकता योजना केव्हाच बंद झाली आहे. ती चालू होती तेव्हाही नाबार्ड थेट अर्ज घेत नव्हतं, सगळं बँकेमार्फत होत असे. आज त्या नावाखाली कोणी फाईल करून द्यायचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

मग उरतात दोन वाटा. पहिली पशुसंवर्धन विभागाची दुधाळ जनावरांच्या गटवाटपाची योजना. अर्ज एएच-महाबीएमएस या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. दोन जनावरांचा गट मिळतो, गाय 70,000 आणि म्हैस 80,000 रुपये अशी किंमत धरलेली आहे. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला 75 टक्के अनुदान असतं, म्हणजे विमा वेगळा धरून दोन गाईंमागे 35,000 रुपये स्वतःचे. आपल्या प्रवर्गाला आपल्या जिल्ह्यात त्या वर्षी योजना आहे का, हे पोर्टलवर जिल्हा निवडून बघा, नाहीतर तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा. दुसऱ्या जिल्ह्यातल्या पाहुण्याला मिळालं म्हणून आपल्याला मिळेलच असं नाही.

वयाची अट 18 ते 60. इथे आपली पिढी अडकते. शाळेत मास्तरांनी सगळ्यांची जन्मतारीख 1 जून टाकली, आधार काढताना नुसतं वर्ष सांगितलं म्हणून तिथे 1 जानेवारी पडली, आणि काहींच्या दोन कागदांत वर्षसुद्धा जुळत नाही. अट्ठावन्न-एकोणसाठला अर्ज करणाऱ्याने ही तफावत आधी मिटवावी. शाळा सोडल्याचा दाखला काढा, आणि आधारला कोणता पुरावा चालतो हे आधार केंद्रात विचारून तारीख दुरुस्त करून घ्या.

आता सातबारा. वडील जाऊन वीस वर्षं झाली तरी उतारा त्यांच्याच नावावर, हे घराघरांत दिसतं. वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला लागतो. वडील मुंबईत वारले असतील तर तो तिथल्या महापालिकेकडून आणावा लागतो, ग्रामपंचायत देऊ शकत नाही. अर्ज तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी), नोटिशीची मुदत, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. 2025 मध्ये शासनाने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती याच तुंबलेल्या नोंदींसाठी. कळकळीने सांगतो, बहिणींची नावं वगळून नोंद करायला जाऊ नका. कायद्याने त्या वारस आहेत. पुढे हरकत आली की फेरफार अडकतो, आणि त्याबरोबर तुमचं कर्जही.

नोंद झाली तरी खातं सामाईकच राहतं. मग गोठ्याच्या जागेसाठी भावंडांचं संमतीपत्र लागतं. गणपतीला किंवा गावच्या यात्रेला सगळे घरी येतात, तेव्हाच सह्या घेऊन ठेवा. अर्जाची मुदत सुरू झाल्यावर सुरतेच्या भावाची सही मिळत नसते.

रेशनकार्डाचं तसंच. एका कुटुंबात एकालाच लाभ, आणि कुटुंब ठरतं रेशनकार्डावरून. मुंबईच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणून गावी स्वतंत्र कार्ड करा. गावाकडे भावाच्या कार्डात नाव घातलं आणि भावाने आधीच योजनेतून शेळ्या घेतल्या असतील, तर तुमचा अर्ज तिथेच संपला. अपत्यांचं स्वयंघोषणापत्रही द्यावं लागतं. 1 मे 2001 नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर पात्रता नाही, आणि हे लपवण्यात काहीच हशील नाही.

बाकी आधार, पासबुक, फोटो, जातीचा दाखला, आठ अ (जमिनीचा खातेउतारा) हे नेहमीचं आहे. प्रशिक्षणाचा दाखला असेल तर जोडा. बोरगाव आणि काळवडे इथल्या कृषी विज्ञान केंद्रांत चौकशी करा. कागद मिळो न मिळो, आयुष्यात कधी धार न काढलेल्या माणसाने शिकून घेतलेलं बरंच.

तारखेचा घोळ सगळ्यात जास्त नडतो. अर्जाची शेवटची तारीख वेगळी आणि प्राथमिक निवड झाल्यावर कागदपत्रं अपलोड करायची मुदत वेगळी. ती कळते मोबाईलवरच्या मेसेजने. पुष्कळांच्या अर्जात नंबर असतो सेतूवाल्याचा. त्याला शेकडो मेसेज येतात, तुमची मुदत टळून जाते, आणि कार्यालयात सांगतात, "आम्ही कळवलं होतं." निवड झालेल्या माणसाला एक फोन करायला कार्यालयाचं काय जातं, हे मला आजवर समजलेलं नाही. नंबर स्वतःचा द्या, आणि यादीत नाव येईपर्यंत बदलू नका.

माणदेशातल्या लोकांसाठी आणखी एक. योजनेतल्या देशी गाईंच्या यादीत गीर, साहिवाल, देवणी, लाल कंधारी, डांगी वगैरे आहेत, खिलार नाही. म्हशींत मुऱ्हा आणि जाफराबादी. खिलार पाळायची हौस असेल तर ती स्वतःच्या पैशाने.

दुसरी वाट बँकेची, आणि साठी ओलांडलेल्याला बहुधा हीच उरते. इथे लोक पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड मागायला जातात आणि गाय घ्यायची म्हणून सांगतात. ते कार्ड खेळत्या भांडवलासाठी आहे: पेंड, चारा, औषधं, मजुरी. गाय विकत घ्यायला मुदत कर्ज वेगळं मागावं लागतं. अर्जात हे दोन वेगळे लिहा. कार्डावर दोन लाखांपर्यंत व्याज 7 टक्के, आणि मुदतीत भरलं तर 3 टक्के सवलत मिळून 4 पडतं. तारीख चुकली की ती सवलत गेली.

1 जानेवारी 2025 पासून दोन लाखांपर्यंतच्या शेती आणि जोडधंद्याच्या कर्जाला तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. तरी काही शाखा जमिनीवर बोजा चढवायला सांगतात. भांडू नका, पण नकाराचं कारण लेखी मागा. लेखी मागितल्यावर पुष्कळदा फाईल पुढे सरकते. साठीपुढच्या अर्जदाराला बँका वारसाला सहकर्जदार म्हणून घ्यायला सांगतात. म्हणजे पुण्यातल्या मुलाची सही लागते आणि त्याचा सिबिलही (कर्जफेडीची नोंद) तपासला जातो. त्याच्या गाडीचे हप्ते थकले असतील तर ते आधी विचारून घ्या. गावच्या सोसायटीचा नो ड्यूज (थकबाकी नसल्याचा) दाखला आणि दूध बिलातून हप्ता कापून देण्याचं डेअरीचं पत्र जोडलं तर काम हलकं होतं.

शेवटी गाय घेताना कानातला बिल्ला बघा. बारा अंकी नंबर असतो. 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. पुसेगाव-खरसुंडीच्या बाजारातून घ्या नाहीतर गोठ्यावरून, तो नंबर भारत पशुधन प्रणालीत (जनावरांची सरकारी ऑनलाइन नोंद) आपल्या नावावर करून घ्या. हे काम गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होतं आणि नेमकं हेच राहून जातं. गाय दगावली की विमा कंपनी बिल्ला मागते, शवविच्छेदन अहवाल मागते, आणि नाव निघतं जुन्या मालकाचं. बिल्ला गळून पडला तर त्याच दिवशी दवाखान्यात आणि विमा कंपनीला कळवा, आणि नवा नंबर पॉलिसीवर चढल्याचा कागद हातात घेतल्याशिवाय गप्प बसू नका.