क्रेन विजेवर गेली म्हणजे ऑपरेटर घरी गेला का?

मागच्या गणपतीत उरणला गेलो होतो, आरती उरकून सगळे ओटीवर बसलेलो, तेव्हा मामेभावाने विषय काढला. तो तिकडच्या बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलमध्ये कॉन्ट्रॅक्टवर मेकॅनिक आहे, यार्डातल्या आरटीजी क्रेनची, म्हणजे टायरवर फिरून कंटेनर उचलणाऱ्या क्रेनची, इंजिनं बघतो. म्हणाला, "दादा, सगल्या क्रेनी इलेक्ट्रिक होनार म्हंतान, मंग आपला खेल खलासच ना?" शेजारचे एक काका, तसल्याच क्रेनवर ऑपरेटर आहेत, तेही मान डोलवत होते.

गंमत अशी की दोघांची भीती एकसारखी वाटत असली तरी मेकॅनिकला धोका एका गोष्टीचा आहे आणि ऑपरेटरला दुसऱ्याच, आणि दोघंही त्याला एकच नाव देत होते.

म्हणून आधी हे सुटं करून घेऊ. इलेक्ट्रिक होणं म्हणजे मशीनच्या पोटात काय जातं ते बदलणं, डिझेलऐवजी वीज. ऑटोमेशन म्हणजे मशीन चालवतं कोण ते बदलणं, माणसाऐवजी सॉफ्टवेअर. बस एवढंच, पण बंदरात हे दोन्ही बऱ्याचदा एकाच टेंडरमधून, एकाच "ग्रीन पोर्ट"च्या बॅनरखाली येतात आणि मग गोंधळ होतो.

घारापुरीच्या लाँचमधून न्हावा शेव्याच्या धक्क्यावरच्या त्या जिराफासारख्या उंच क्रेन दिसतात बघा. तसल्या क्रेन जगभर बहुतेक आधीपासूनच विजेवर चालतात. आणि तरी वर काचेच्या तळाच्या केबिनमध्ये माणूस बसलेला असतोच, पुढे वाकून, दोन पायांच्या मधून खाली जहाजाकडे बघत, शिफ्टभर मान आणि कंबर मोडत. म्हणजे वीज आली म्हणून माणूस गेला असं काही झालेलं नाही.

आता उलटं उदाहरण. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदराच्या डेल्टा टर्मिनलवर १९९३ मध्येच बिनड्रायव्हरच्या गाड्या कंटेनर वाहायला लागल्या, आणि त्या गाड्या चालायच्या डिझेलवर! माणूस गेला, धूर राहिला. पुढे २०१५ मध्ये त्याच बंदराच्या मासव्लाक्टे २ या नव्या भागात दोन्ही एकदम आलं, गाड्या बॅटरीवर आणि धक्क्यावरच्या क्रेनचा ऑपरेटर लांब कंट्रोल रूममध्ये. जानेवारी २०१६ मध्ये तिथले कामगार २४ तास संपावर गेले. तो संप बॅटरीच्या विरोधात नव्हता, नोकऱ्या किती उरणार यासाठी होता, आणि त्यातून त्यांनी काही वर्षांची नोकरीची हमी लेखी मिळवली.

परत आपल्या आरटीजीकडे येऊ. जुन्या क्रेनमध्ये डिझेल इंजिन एक जनरेटर फिरवतं आणि त्या विजेवर कंटेनर उचलायच्या मोटरी चालतात, म्हणजे मोटरी इलेक्ट्रिकच होत्या, फक्त वीज क्रेनवरच बनवत होतो. ती विजेवर घ्यायची म्हणजे इंजिनाचं काम काढून घेऊन केबलच्या रिळातून किंवा बाजूच्या बसबारमधून, म्हणजे वीज वाहणाऱ्या पट्टीतून, बाहेरची वीज द्यायची. केबिन तीच, जॉयस्टिक तोच. काकांना आवाज आणि धूर कमी झाला एवढाच फरक जाणवेल.

बदलतं ते मामेभावाचं काम. ऑइल, फिल्टर, इंजेक्टर, कूलंट ही त्याची रोजची कामं, ती जवळजवळ संपतात, आणि डिझेलचा टँकर घेऊन यार्डात फिरणाऱ्या पोऱ्याचंही तेच. त्याऐवजी येतं हाय व्होल्टेज. मामेभावाला मी विचारलं, शिकलास का काही, तर म्हणे एकदा अर्धा दिवस दाखवलं. अरे, अर्धा दिवस? डिझेलमध्ये चुकलं तर बहुतेक वेळा इंजिन रुसतं, इथे चुकलं तर माणूस जातो. सप्लाय बंद करून स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात, टॅगवर स्वतःचं नाव, आणि तेवढ्यावर भागत नाही कारण ड्राइव्हमधले (मोटरला वीज देणाऱ्या पेटीतले) कपॅसिटर सप्लाय बंद केल्यावरही काही मिनिटं चार्ज धरून असतात, तेवढं थांबून मीटरने तपासायचं आणि मगच हात घालायचा. ही सवय लागायला महिने जातात, आणि तेवढे दिवस त्याला पगारी ट्रेनिंग हवं, सुट्टीच्या दिवशी बोलावून नाही.

म्हणजे इलेक्ट्रिकच्या बाबतीत कामगाराला लागणारा आधार म्हणजे मुख्यतः ट्रेनिंग, सर्टिफिकेट, सुरक्षेची साधनं आणि मेकॅनिकची बदली. ऑटोमेशनमध्ये नुसतं ट्रेनिंग घेऊन काय करणार? जिथे दहा ऑपरेटर होते तिथे कंट्रोल रूममध्ये तीन खुर्च्या असतील तर सात जणांना कितीही शिकवा, खुर्च्या तीनच. तिथे नोकरीची हमी, ठरलेली संख्या, वयानुसार निवृत्तीचा पर्याय हे आधी युनियनशी बोलून घ्यावं लागतं, मशीन जहाजातून उतरल्यावर बोलून उपयोग नाही.

अर्थात प्रत्येक कंट्रोल रूम वाईटच असं मी म्हणणार नाही. केरळात विझिंजम बंदरात यार्डातल्या ऑटोमेटेड क्रेन आसपासच्या मच्छीमार वस्त्यांतल्या बायका कंट्रोल रूममधून चालवतात, उंच केबिनमध्ये चढायची गरज नसल्यामुळे हे जास्त सोपं झालं असणार. पण ते नवं बंदर, तिथे आधीच्या ऑपरेटरला उठवून कोणाला बसवलेलं नाही. जुन्या बंदरात हिशेब वेगळा.

वीज आणि ऑटोमेशन दोन्ही एकत्र बांधल्यावर काय होतं ते अमेरिकेत लॉस एंजेलिसला दिसलं. तिथल्या आणि लाँग बीचच्या बंदरांनी २०१७ मध्ये ठरवलं की माल हाताळणारी यंत्रं २०३० पर्यंत बिनधुराची करायची. २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या पिअर ४०० टर्मिनलवर माणसाशिवाय चालणाऱ्या यंत्रांचा प्रस्ताव आला आणि त्यासाठी हवा स्वच्छ करायच्या नियमांचंही कारण दिलं गेलं. कामगार सुनावणीला हॉल भरून आले. मशीनं शेवटी आलीच, पण ट्रेनिंगचा करार करून. मग २०२२ च्या अमेरिकी कायद्यात बंदरं स्वच्छ करायला ३०० कोटी डॉलर ठेवले तेव्हा व्याख्येतच लिहिलं की उपकरण माणसाने चालवलेलं किंवा तंत्रज्ञान माणसाने देखभाल केलेलं हवं. माझ्या मते ही एक ओळ भाषणांपेक्षा जास्त कामाची आहे, तिने दोन गोष्टी कागदावर सुट्या केल्या.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या बंदरांसाठीच्या २०२३ च्या हरित सागर मार्गदर्शक तत्त्वांत बंदरातली निम्म्याहून जास्त यंत्रं आणि वाहनं २०३० पर्यंत, आणि ९० टक्के २०४७ पर्यंत विजेवर न्यायचं ठरलंय. न्हावा शेव्यात सप्टेंबर २०२५ मध्ये बॅटरी बदलता येणारे इलेक्ट्रिक ट्रक आले, आतल्या साधारण ६०० ट्रकपैकी ९० टक्के २०२६ अखेर बदलायचं लक्ष्य आहे. हे आकडे यंत्रांचे, माणसांचे नाहीत. या ट्रकला स्टिअरिंग आहे, ड्रायव्हर आहे, त्यामुळे ड्रायव्हरने लगेच घाबरू नये, पण ट्रकचा गॅरेजवाला आणि डिझेलवाला यांनी आत्ताच विचारावं.

हे सगळं मी ओटीवर समजावून सांगितलं, काका ऐकून जरा सैल झाले. मामेभाऊ मात्र नाही. त्याने आयटीआयला डिझेल मेकॅनिक ट्रेड केलाय, इलेक्ट्रिशियन नाही. सुपरवायझरला त्याने नंतर विचारलं, हाय व्होल्टेजच्या पुढच्या बॅचमध्ये माझं नाव घाला, तर उत्तर आलं, ती बॅच फक्त पर्मनंटवाल्यांसाठी, तू तुझ्या ठेकेदाराला विचार. ठेकेदार म्हणे, टर्मिनलला विचार.