मारुती 800 चा पुढचा बॉल जॉइंट : नुसता जॉइंट की अख्खा लोअर आर्म?

खड्ड्यातून हळू जाताना पुढच्या चाकाखाली ‘टक्’ वाजतं, स्टेअरिंग सैल वाटतं, टायर एकाच कडेनं झिजतो. केए 22, केए 23, एमएच 09 पाटीच्या जुन्या मारुती 800 आमच्याकडे बहुधा ही तक्रार घेऊन येतात.

या गाडीचं वजन वरचा स्ट्रट (शॉक अब्सॉर्बरचा उभा खांब) आणि स्प्रिंग पेलतात. लोअर आर्मचं काम चाकाला खालून जागेवर धरायचं. आर्मच्या टोकाला असलेल्या बॉल जॉइंटवर (कपात फिरणारा गोळा आणि त्याची पिन) ब्रेकचा आणि वळणाचा ओढा येतो, वजन फारसं येत नाही. त्यामुळे जॉइंट बराच झिजला तरी गाडी पळते आणि मालक ‘चालतंय की’ म्हणून सोडून देतो. बॉल कपातून निसटला मात्र चाक खालून बाहेर फाकतं, चाक फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्सकडून उपसून येतो. चोर्ला घाटाच्या उतारावर हे व्हायला नको.

झिजतो कशानं?

बुटानं. बॉलवरचं रबरी बूट फाटलं की जॉइंटचे दिवस भरले. खानापूर-जांबोटीकडची जांभ्याची लाल माती पावसाच्या पाण्याबरोबर आत शिरते आणि ग्रीसचा पॉलिश पेपर होतो. निपाणी-चिकोडी भागात ऊस हंगामात ट्रॉल्यांच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर येतो, त्याचाही परिणाम तोच. बूट फाटलं पण जॉइंट अजून घट्ट आहे, अशी गाडी क्वचितच येते. आली तर नुसतं बूट बदलूनही भागतं.

खात्री कशी करायची?

बॉडीखाली जॅक लावून चाक लोंबतं ठेवा. वर आणि खाली हात धरून चाक हलवा. हललं तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ढिलाई गेली तर दोष व्हील बेअरिंगचा. राहिली तर जॉइंटकडे पाहा. आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्यामध्ये सळई घालून उचलून बघितलं की बॉल कपात उडी मारताना डोळ्यांना दिसतो. डावी-उजवीकडे धरून हलत असेल तर स्टेअरिंगचा टाय रॉड एंड तपासा. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना कटकट येते ती ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटची. त्यासाठी आर्म बदलून पैसे घालवू नका.

ठोकलेला जॉइंट आम्ही का बसवत नाही

मूळ आर्ममध्ये जॉइंट आर्मचाच भाग असतो. बाजारात सुटा जॉइंट मिळतो. काही मेस्त्री जुना कापून नवा दाबतात आणि सैल बसला तर वेल्डिंगचे दोन टाके मारतात. बॉलभोवतीचा प्लॅस्टिकचा अस्तर त्या उष्णतेनं वितळतो. नवा जॉइंट पहिल्या दिवसापासून निम्मा मेलेला. बुटात सुई टोचून ग्रीस भरणंही तसंच : छिद्र राहतं, पाणी जातं. म्हणून पूर्ण आर्म. तो जरा महाग पडतो, पण आतल्या टोकाचा रबरी पिव्हट बुशही त्याच खर्चात नवा मिळतो. खरेदी तुम्ही करणार असाल तर दुकानातच बॉलची पिन बोटांनी फिरवून बघा : घट्ट, एकसारखी फिरावी आणि सोडाल तिथे थांबावी. आपोआप खाली पडली तर तो आर्म परत द्या.

काम कसं होतं

एका बाजूला लागतं : आर्म, नकलचा क्लॅम्प बोल्ट-नट (बॉलची पिन आवळून धरणारा) नवा, स्टॅबिलायझर बारचे बुश आणि स्प्लिट पिन. हा बार इथे नुसता झुकाव आवरत नाही, आर्मला पुढे-मागेही तोच धरतो. बुश मेलेले ठेवून आर्म बदलला तर ब्रेकला ‘टक्’ राहतेच.

चाक काढून बॉडीखाली घोडी (स्टँड) लावतो. क्लॅम्प बोल्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो पिनच्या खाचेत बसलेला असतो. अर्धवट सैल करून हातोडा मारला की नकलचा कान तडकतो. पिन सुटल्यावर स्ट्रट बाहेर ओढू नये, ड्राइव्ह शाफ्ट आतून निखळतो. नवी पिन पूर्ण वर गेली की बोल्ट हातानंच आत जातो. ठोकावा लागला तर खाच जुळलेली नाही. हा बोल्ट आम्ही 60 न्यूटन-मीटरला आवळतो.

सगळ्यात जास्त चूक इथे होते : आतला पिव्हट बोल्ट गाडी हवेत असताना घट्ट करायचा नाही. चाकं जमिनीवर टेकवून, गाडी दोन-तीनदा दाबून मगच आवळायचा. नाहीतर रबर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

दोन्ही बाजू एकदम कराव्याच असं नाही. दुसरी बाजू घट्ट असेल, बूट शाबूत असेल तर आम्ही तसं सांगतो. अलाइनमेंट मात्र करून घ्याच. या गाडीत फक्त टो (चाकांचा आत-बाहेर रोख) जुळवता येतो, कॅम्बर (चाकाचा उभा कल) नाही. टो जुळवूनही गाडी एका बाजूला ओढत असेल तर आर्म किंवा स्ट्रट वाकलाय का, ते पाहावं लागतं.

500 किलोमीटरनंतर एकदा गाडी आणा. स्प्लिट पिन, नट आणि बूट पाहायला दहा मिनिटं पुरतात. त्याचे पैसे घेत नाही. काढलेला जुना आर्म डिकीत ठेवलेला असेल. पिन हातानं हलवून बघा आणि मग भंगारात द्या.