‘नियोक्त्याची सोय’ : घरून काम आणि न्यूयॉर्कचा कर

परराज्यातील रहिवाशाने आपल्या हद्दीत कमावलेल्या उत्पन्नावर राज्याला कर लावता येतो, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२० मध्येच मान्य केले होते. पुढचा सारा वाद ‘हद्दीत कमावलेले’ कशाला म्हणायचे, याचा आहे. न्यूयॉर्कने १९६० च्या दशकात त्याला दिलेले उत्तर आजही लागू आहे: न्यूयॉर्कमधील नियोक्त्यासाठी परराज्यातील घरून काम केलेले दिवसही न्यूयॉर्कचेच धरायचे, नियोक्त्याच्या गरजेपोटी तसे करावे लागले असेल तरच ते वगळायचे. हाच ‘नियोक्त्याची सोय’ नियम. न्यूजर्सी किंवा कनेक्टिकटमध्ये राहून रोज मॅनहॅटनला जाणारी मंडळी शनिवारी घरी फायली चाळत आणि तेवढे दिवस न्यूयॉर्कच्या करातून वगळून मागत. न्यूयॉर्कच्या रहिवाशाला घरी काम करून अशी सूट मिळत नाही, मग शेजाऱ्याला का द्यावी, हा करखात्याचा मूळ युक्तिवाद होता आणि त्या काळापुरता तो चुकीचा म्हणता येत नाही.

घोळ आहे तो नावात. ‘नियोक्त्याची सोय’ असे नाव ऐकले की, नियोक्त्याला सोयीचे असेल तर घरचे काम बाहेरचे धरले जात असावे, असे वाटते. प्रत्यक्षात नियमाला सोय पुरत नाही, गरज लागते. नियोक्त्याच्या कामाच्या गरजेपोटी कर्मचाऱ्याला राज्याबाहेर राहणे भाग पडले असेल, तरच तो दिवस बाहेरचा ठरतो. नियोक्त्याने आनंदाने परवानगी दिली, एवढ्याने भागत नाही. २००५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च पातळीवरील न्यायालयापुढे टेनेसीत राहणाऱ्या एका संगणक प्रोग्रॅमरचे प्रकरण आले. तो सुमारे तीन-चतुर्थांश काम टेनेसीतील घरून करीत असे, तरीही त्याच्या संपूर्ण वेतनावरील न्यूयॉर्कचा कर चार विरुद्ध तीन मतांनी कायम राहिला. एरवी न्यूयॉर्कला भरलेल्या कराची वजावट राहत्या राज्याच्या करातून मिळते, पण टेनेसीत वेतनावर करच नसल्याने वजावट घ्यायला दुसरा कर नव्हता. सगळा भार अंगावर पडला.

गरज कशाला म्हणायचे, हे सांगणारे परिपत्रक २००६ मध्ये निघाले. घर हे नियोक्त्याचे खरेखुरे कार्यालय ठरण्यासाठी एक तर मुख्य कसोटी पार करावी लागते, नाहीतर सहा दुय्यम निकषांपैकी चार आणि इतर दहांपैकी तीन. मुख्य कसोटीचे उदाहरण असे, की नव्या मोटारींची चाचणी घेणाऱ्याच्या घराजवळ चाचणीचा ट्रॅक हवा आणि तसा ट्रॅक नियोक्त्याच्या कार्यालयाजवळ नसावा. इतर निकषांत घरावर कंपनीची पाटी असणे, व्हिजिटिंग कार्डावर घरचा पत्ता छापलेला असणे, असल्या गोष्टी येतात. लॅपटॉपवर काम करणाऱ्याने ट्रॅक कुठून आणावा, याचे उत्तर परिपत्रकात नाही.

परराज्यातील करदात्याच्या विवरणपत्रासोबतच्या पुरवणीत हा नियम उघड दिसतो. राज्याबाहेर काम केलेल्या दिवसांची बेरीज होते आणि त्यातून घरी काम केलेले दिवस पुन्हा वजा होतात. न्यूजर्सीच्या एडिसन किंवा जर्सी सिटीतील कित्येक मराठी कुटुंबांना नियमाचे नाव ठाऊक नसेल, पण डब्ल्यू-२ या वार्षिक वेतन-पत्रकावरच्या दोन राज्यांच्या ओळी पाठ असतात.

२०२० च्या साथीत सक्तीने घरी बसलेल्यांचे दिवसही न्यूयॉर्कचेच धरले गेले. मॅसॅच्युसेट्सने त्याच धर्तीवर तात्पुरता नियम केला. वेतनावर कर न घेणाऱ्या शेजारच्या न्यू हॅम्पशायरने त्याविरुद्ध थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, पण जून २०२१ मध्ये न्यायालयाने दावा दाखल करून घेण्यास नकार दिला आणि मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला.

झळ खऱ्या अर्थाने शेजारी राज्यांच्या तिजोऱ्यांना बसते, कारण न्यूयॉर्कला भरलेल्या कराची वजावट त्यांनाच आपल्या रहिवाशांना द्यावी लागते. म्हणून कनेक्टिकटने २०१९ पासून आणि न्यूजर्सीने २०२३ पासून, असा नियम असलेल्या राज्यांच्या रहिवाशांना तोच नियम उलट लावला. न्यूयॉर्कशी भांडून परतावा मिळवणाऱ्या आपल्या रहिवाशांना न्यूजर्सीने करसवलतही देऊ केली.

कनेक्टिकटमध्ये राहणारे कायद्याचे एक प्राध्यापक याच नियमाविरुद्ध २००३ मध्ये हरले होते. साथीत वर्ग बंद असताना आपण घरूनच शिकवत होतो, या मुद्द्यावर ते पुन्हा उभे राहिले. २०२५ मध्ये राज्याच्या कर-न्यायाधिकरणाने त्यांच्याविरुद्धच निकाल दिला.