सोलापूरची मुरमाड, चुनखडीची जमीन : पार्श्वभूमी

सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागांत शेंड्याची पानं पिवळी पडायला लागली की आधी चर्चा होते फवारणीची. जमिनीचा विषय निघतो तो दोन-तीन फवारण्या वाया गेल्यावर, आणि बहुतेक वेळा 'चुनखडी आहे, त्याला काय करणार' या वाक्यावर संपतो. हा चुना जमिनीत कुठून आला, त्याची नोंद कोणी आणि कशी घेतली आणि त्या नोंदीचे परिणाम अजून का भोगावे लागतात, हे माहीत असेल तर त्या वाक्यापुढे जाता येतं.

चुनखडीची जमीन म्हटलं की खाली चुनखडक असणार असं अनेकांना वाटतं. सोलापूरच्या माळावर तसं नाही. शहाबादी फरशी ज्या चुनखडकातून निघते, तो भीमेच्या खालच्या अंगाला, कर्नाटकात आहे आणि दख्खनच्या लाव्हापेक्षा कितीतरी जुना आहे. आपल्या माळावरचा चुना निघाला तो काळ्या पाषाणातूनच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या या बेसॉल्टमध्ये कॅल्शियम असलेली खनिजं भरपूर आहेत. पावसाचं पाणी मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि दगडातला कॅल्शियम सोडवत जातं. कोकणात तो पाण्याबरोबर वाहून गेला, म्हणून तिथली माती आम्लधर्मी. सोलापूरच्या पट्ट्यात पाऊस साधारण साडेपाचशे ते सातशे मिलिमीटर, सांगोल्याकडे त्याहूनही कमी. मुरलेलं पाणी खोल जायच्या आत उन्हानं आणि मुळांनी वर ओढलं जातं आणि विरघळलेला चुना वाटेतच बसतो.

जेसीबीनं नुकत्याच काढलेल्या चरात उतरलं की हे सगळं समोर दिसतं. वरची वीतभर माती करडी-तपकिरी, मुठीत धरली तर भुसभुशीत, त्यात हरभऱ्यापासून सुपारीएवढे पांढुरके खडे. त्याखाली पिवळसर मुरूम. मुरमाच्या भेगाभेगांत पांढरी पूड, नखानं खरवडली तर सुटणारी. आणखी खाली भेगा बारीक होत जातात आणि कठीण दगड लागतो. पुडीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफस होते. कधी कधी पांढरा काहीही न दिसणाऱ्या करड्या मातीवर टाकला तरी तशीच फसफसते, आणि पिकाच्या दृष्टीनं जास्त त्रासदायक हाच न दिसणारा चुना. सुपारीएवढा खडा पाण्यात फारसा विरघळत नाही. मातीच्या कणांत मिसळलेला बारीक चुना मात्र दर पाण्याला थोडा विरघळतो आणि मातीचा सामू (पीएच) आठ-सव्वाआठच्या आसपास बांधून ठेवतो. त्या सामूला लोह आणि जस्त मुळांना मिळत नाही आणि घातलेला स्फुरद कॅल्शियमबरोबर अडकून बसतो. पान पिवळं, शिरा हिरव्या, आणि सुरुवात कोवळ्या पानापासून, ही लोह न मिळाल्याची खूण.

जुन्या काळात या माळावर लोकांनी काय केलं, ते थोडक्यात सांगता येतं. गुरं चारली, पावसाळ्यात हुलगा, मटकी, बाजरी घेतली आणि चुनखडी वेचून भट्टीत भाजून बांधकामाला चुना केला. धान्याची खरी भिस्त नदीकाठच्या आणि मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीवर. दामाजीपंतांची कोठारं ज्वारीनं भरली ती त्याच जमिनीच्या जोरावर. त्या काळीच्या शेजारी माळाला कोणी जमीन म्हणून मोजलंच नाही.

मोजणी आली ती इंग्रजी अंमलात, आणि वादही तिथूनच सुरू होतो. 1836 मध्ये शेजारच्या इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीचा बंदोबस्त, म्हणजे तीस वर्षांसाठी ठरवलेली साऱ्याची आकारणी, लागू झाला. पुढे तीच पद्धत सोलापूरकडे आली आणि 1847 मध्ये तिचे नियम एका अहवालात पक्के झाले. पद्धत अशी : शेताचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात मातीची खोली 'हात' या मापानं मोजायची, पोत आणि रंग बघायचा आणि तीन प्रकारांत माती टाकायची. बारीक पोताची काळी पहिली, तांबूस भरड दुसरी, खडेमिश्रित भुसभुशीत फिकी तिसरी. पहिल्या प्रकारची पावणेदोन हात खोल माती म्हणजे सोळा आणे, पूर्ण प्रतीची. तिथून खाली दोन आण्यांपर्यंत नऊ वर्ग. त्याशिवाय दोषांची यादी होती. उतार, वाळू, ओढ्याचं पाणी शेतातून जाणं, पाणी साचणं आणि चुनखडीचे खडे. प्रत्येक दोषाला नकाशावर खूण, आणि प्रत्येक खुणेमागे जमीन एक वर्ग खाली.

हा निर्णय त्या काळापुरता चुकीचा नव्हता, हे आधी मान्य करायला हवं. सारा ठरायचा होता तो कोरडवाहू धान्यावर आणि त्यात मुख्य रब्बी ज्वारी. ही ज्वारी जवळजवळ सगळी साठवलेल्या ओलीवर येते. खड्यांनी व्यापलेल्या जागेत ओल राहत नाही, तेव्हा खडे जास्त म्हणजे ज्वारी कमी. वर्ग खाली गेला की साराही कमी, म्हणजे माळवाल्या शेतकऱ्याला सूटच मिळाली. पद्धतीची बाजू घेणारे आजही हेच सांगतात आणि ते खरं आहे.

दुसरी बाजू मला जास्त वजनदार वाटते. तो दोष एका पिकाच्या मापानं लावला होता, पण चिकटला जमिनीला. ज्वारीच्या जागी दुसरं काही आलं तर मोजणी बदलायला हवी, याची तरतूद कागदात नव्हती. त्यातही वर्गकार खडे बघत होता, डोळ्यांनी. बारीक चुना मोजायचं साधन त्याच्याकडे नव्हतं. त्यामुळे खडे दिसणारी पण बऱ्यापैकी निर्दोष असलेली जमीन खाली गेली आणि करडी, चुन्यानं भरलेली जमीन वर राहिली. सगळ्यात वाईट गत झाली ती कसण्याजोगी नाही म्हणून वगळलेल्या तुकड्यांची. सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लिहिलेलं क्षेत्र पुढे पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहिलं. सारा नाही म्हणून सुरुवातीला ते सोयीचं होतं. पीककर्ज, नुकसानभरपाई आणि भूसंपादन आल्यावर तोच तुकडा कागदावर निरुपयोगी ठरू लागला, मग प्रत्यक्षात त्यावर तोडणीला आलेली बाग का असेना. असा पोटखराबा लागवडीयोग्य क्षेत्रात घेण्याची वाट 2018 च्या नियमबदलानं मोकळी झाली. म्हणजे दीडशे वर्षांहून जास्त काळ एका नोंदीनं माळाची किंमत ठरवली. हे काम इतकं उशिरा झालं, याचं समर्थन कसं करायचं ते मला कळत नाही.

मधल्या काळात संशोधनाचं लक्षही काळीवरच होतं. 1933 मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचं केंद्र सुरू झालं आणि त्याच दशकात मोहोळच्या केंद्रावर मालदांडी ज्वारीची निवड झाली. ही मोठी कामं होती, पण ती खोल जमिनीसाठी. 1942 च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर जिल्ह्यात समपातळीचे बांध पडले तेव्हा मात्र गंमतीशीर उलट घडलं. खोल काळीत बांधाला पाणी तुंबून पीक पिवळं पडलं, उन्हाळ्यात भेगा पडून बांध फुटले. हलक्या मुरमाड जमिनीत तेच बांध टिकले आणि पाणी मुरलं. माळाचा निचरा हा गुण आहे, हे तिथं पहिल्यांदा सरकारी कामात दिसलं.

1972 च्या दुष्काळानं माळ खऱ्या अर्थानं हलवला. रोजगार हमीच्या कामांवर माणसं उतरली, पाझर तलाव झाले, नाल्यांना बांध पडले, विहिरींना थोडं का होईना पाणी आलं. 1980 मध्ये उजनी पूर्ण झाल्यावर कालव्याखाली ऊस आला, पण माळाला कालवा लागला नाही. माळाचं नशीब पालटलं 1990 मध्ये, फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली गेली तेव्हा. खड्डा खोदायची मजुरी, रोप, खत, सगळ्याला अनुदान. बोर, सीताफळ आणि डाळिंब ही तीन झाडं मुरमात गेली. डाळिंबाला दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, बोराला त्याहून मोठा, आणि भरायला शेणखत, पोयट्याची माती.

डाळिंब इथंच का जमलं, याचं उत्तर ताणात आहे. बहार धरायचा तर झाडाचं पाणी तोडून त्याला विश्रांती द्यावी लागते, पानगळ घडवावी लागते. खोल काळीत पाणी तोडलं तरी महिना-महिना ओल सुटत नाही, झाड ताणावर येत नाही आणि मधे एखादी सर आली की सगळं पाण्यात. मुरमात ओल लवकर सरते. शेतकऱ्याच्या हातात व्हॉल्व्ह आला, म्हणजे मृग, हस्त की आंबे यांतला कुठला बहार धरायचा हे ठरवणंही त्याच्याच हातात आलं. त्यात ठिबक आलं. पाणी थोडं आणि रोज, थेट मुळाशी, यामुळे मुरमाचा पाणी न धरण्याचा दोष उरलाच नाही. जातींमध्ये आधी गणेश, मग आरक्ता आणि मृदुला, आणि 2000 नंतर भगवा. 2005 मध्ये सोलापूरजवळ केगावला डाळिंबावरचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आलं आणि 2016 मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं. दोन आण्याच्या वर्गातल्या जमिनीनं हे करून दाखवलं, याचा अभिमान सोलापूरकरांनी जरूर बाळगावा.

याच यशातून पुढचे घोटाळे झाले. डाळिंब पैसे देतंय म्हटल्यावर ते भारी जमिनीतही गेलं. तेल्या रोगानं बागा बसवल्या, त्यामागे हवामान आणि रोगट रोपं ही मोठी कारणं. पण मर रोग आणि खोडकिडीच्या वेळी जमिनीचा वाटा नाकारता येत नाही. पाणी तुंबलेल्या, मुळं कोंडलेल्या जागी झाडं आधी गेली. दुसरीकडे माळावर 'जमीन सुधारायची' म्हणून तलावाचा गाळ टाकणं सुरू झालं. 2017 पासून गाळ काढण्याच्या योजनेनं त्याला वेग आला. मुरमात पातळ थर नीट मिसळला तर ओल वाढते. फूटभर गाळ मुरमावर नुसता पसरला तर दोन थरांच्या सीमेवर पाणी अडतं. आपल्या भागातल्या तलावांचा गाळ याच शिवारातून वाहून आलेला असतो, म्हणजे त्यात बारीक चुनाही आलाच. गाळ तपासून टाकणारे फार थोडे भेटतात.

औषधाच्या बाबतीत गोंधळ आणखी मोठा. चोपण आणि चुनखडी हे दोन वेगळे आजार आहेत. चोपणात सोडियम जास्त असतो, तिथं जिप्सम चालतं. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियम आधीच भरपूर, तिथं जिप्समवर खर्च करून चुन्याचा प्रश्न सुटत नाही. गंधक उपयोगी आहे, कारण जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि आम्ल चुना विरघळवतं. पण हिशेब बघा. एका एकराची वरची सहा इंच माती म्हणजे साधारण आठशे टन. त्यात फक्त एक टक्का चुना असला तरी तो आठ टन झाला, आणि तो पूर्ण संपवायला अडीच टन गंधक लागतं. आपल्याकडे दहा-बारा टक्के सहज निघतो. म्हणजे चुना काढून टाकायच्या गोष्टी सोडून द्याव्यात. मुळाभोवतीचा पट्टा सांभाळायचा : गंधक थोडं आणि ठिबकच्या ओळीत, शेणखत भरपूर, हिराकस (फेरस सल्फेट) नुसता न टाकता शेणखतात मुरवून. चिलेटेड, म्हणजे मातीत न अडकता मुळांना मिळेल असं बांधलेलं, लोह घ्यायचं तर ईडीटीएवालं या सामूला टिकत नाही, त्यातल्या लोहाची जागा कॅल्शियम घेतो. ईडीडीएचए महाग आहे, पण ते टिकतं. दुकानात दोन्ही 'चिलेटेड फेरस' म्हणूनच मिळतात, म्हणून पुडक्यावरची बारीक अक्षरं वाचायची.

2015 पासून मृद आरोग्य पत्रिका घरोघरी आल्या. त्यात बारा घटक आहेत : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. मुक्त चुना त्यात नाही. सोलापूरसारख्या जिल्ह्यात पत्रिकेवर लोह कमी दिसतं, शेतकरी लोह टाकतो, आणि ते का लागू पडत नाही हे पत्रिका सांगत नाही. मुक्त चुन्याची तपासणी प्रयोगशाळेत वेगळी सांगून करून घ्यावी लागते. फळबागेसाठी नमुना वरच्या फुटाचा वेगळा आणि खालच्या फुटाचा वेगळा द्यावा, कारण आपल्या माळावर चुना बहुतेक वेळा खालच्या थरात वाढत जातो आणि डाळिंबाची मुळं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिथं पोचतात. लागवडीआधी हा आकडा हातात असला तर कुठल्या तुकड्यात डाळिंब घ्यायचं, कुठं बोर आणि कुठला तुकडा गवताला सोडायचा, हे खड्डे घेण्यापूर्वीच ठरवता येतं.