गुदद्वाराची जुनाट खाज: एका इंजेक्शनने ती कायमची जाते का?

गुदद्वाराची खाज म्हणजे मूळव्याधच आणि ती एका इंजेक्शनने मुळासकट जाते, हा समज भिंतींवरच्या ‘बिनऑपरेशन इलाज’च्या जाहिरातींनी वर्षानुवर्षे जोपासला आहे, तो चुकीचा आहे. मूळव्याधीत कोंबाच्या मुळाशी दिले जाणारे इंजेक्शन, बहुधा बदामतेलातील ५ टक्के फिनॉल, रक्तस्राव थांबवण्यासाठी असते. खाजणाऱ्या त्वचेवर तो उपचार नव्हे.

खाजेसाठीचे इंजेक्शन निराळे. त्यात मिथिलीन ब्लू हे निळे द्रव्य सौम्य करून गुदद्वाराभोवतीच्या त्वचेत टोचतात, त्यामुळे तेथील संवेदनातंतू बधिर होतात आणि खाजवणे व त्याने पुन्हा खाज वाढणे हे चक्र तुटते. अनेकांना यातून खरोखर आराम पडतो. मात्र काहींची खाज काही काळाने परतते, त्वचा निळी दिसते, बधिरपणा येतो आणि क्वचित त्वचेला जखमही होते. म्हणूनच हा उपाय इतर उपचार थकल्यावर, तज्ज्ञ शल्यचिकित्सकाकडूनच करून घ्यावा.

त्याआधी कारण शोधायला हवे: रात्री वाढणारी खाज, विशेषतः मुलांमध्ये, जंतांची असू शकते; मधुमेहींमध्ये बुरशीची शक्यता अधिक. सर्वांत वाईट वाटते ते लाजेपोटी होणाऱ्या अतिस्वच्छतेचे, कारण दर वेळी साबण किंवा जंतुनाशकाने घासून धुतल्याने त्वचा सोलवटते आणि खाज वाढतच जाते. नुसत्या पाण्याने धुऊन, मऊ कापडाने टिपून जागा कोरडी ठेवावी. परस्पर आणलेले स्टेरॉइडचे मलम महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते. रक्त, गाठ किंवा न भरणारी जखम असल्यास तपासणी लांबवू नये.