मोबाइलची साइट वेगळी, मोबाइलवर बसणारी साइट वेगळी

दांडिया बाजारातला एक बी.एस्सी.चा पोरगा परवा माझ्यासमोर फोन धरून उभा राहिला. ‘काका, घरी कॉम्प्युटरवर संदर्भ सेव्ह करायचं बटण होतं. फोनवर कुठं गेलं?’ बटण कुठंच गेलं नव्हतं. वाचनालयाच्या वेबसाइटवर लेख शोधायच्या एका डेटाबेसच्या नावापुढं ‘मोबाइलसाठी’ अशी दुसरी लिंक मीच हौसेनं टाकली होती, आणि त्या लिंकवर ते बटण कधी नव्हतंच.

ती जुन्या पद्धतीची स्वतंत्र मोबाइल साइट. पत्ता बहुधा ‘एम’ आणि टिंबानं सुरू होतो. फोन लहान आणि नेट रडतखडत चालायचं तेव्हा हलकी, काटछाट केलेली आवृत्ती वेगळी ठेवायचे. सयाजीरावांच्या काळी बडोद्याहून गावोगावी पुस्तकांच्या पेट्या जायच्या, तसंच हे. पेटी सोयीची खरी, पण १९१० साली सुरू झालेलं सेंट्रल लायब्ररी काही तिच्यात मावत नव्हतं.

दुसरी जात ‘रिस्पॉन्सिव्ह’. हे नाव वेब डिझायनर इथन मार्कॉट यांनी २०१० साली दिलं. इथं पत्ता एकच आणि पानही एकच. पडद्याची रुंदी पाहून मांडणी तेवढी बदलते. शेजारचे रकाने खाली सरकतात, गाळण्या (फिल्टर) तीन आडव्या रेघांच्या मेनूत जातात. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसनं २०२० साली नवं रूप आणलं ते याच जातीचं, त्यामुळे तिथं फोनसाठी वेगळी लिंक देण्यात अर्थ नाही.

ओळखायचं कसं? कॉम्प्युटरवर ब्राउझरची खिडकी कडेनं धरून अरुंद करत न्या. मजकूर आपोआप खाली उतरला तर रिस्पॉन्सिव्ह. अर्धी ओळ उजवीकडं कापली गेली, तर नाही.

खरी डोकेदुखी घरून लॉगिन करताना होते. वर्गणीचे डेटाबेस प्रॉक्सीमार्फत, म्हणजे वाचकाला वाचनालयाच्या नावानं आत नेणाऱ्या मधल्या सर्व्हरमार्फत उघडतात आणि प्रॉक्सीकडं ओळखीच्या पत्त्यांची यादी असते. ‘एम’वाला पत्ता त्या यादीत नसेल तर वाचक थेट प्रकाशकाच्या दारात जाऊन पडतो, आणि आपण वर्गणी भरलेल्या लेखाचे त्याच्याकडं पैसे मागितले जातात. बिचाऱ्याला वाटतं, वाचनालयानं डेटाबेस बंद केला. रिस्पॉन्सिव्ह साइटचा पत्ता बदलतच नाही, म्हणून ही भानगड तिथं उद्भवत नाही.

पीडीएफपुढं मात्र दोघींचा नाइलाज. ए-फोर पानावरचे दोन रकाने फोनवर चिमटीनं मोठे करत, डावी-उजवीकडं सरकवतच वाचावे लागतात. एचटीएमएलमध्ये, म्हणजे साध्या वेबपानाच्या रूपात पूर्ण लेख असेल तर तोच उघडावा.

मी त्या दुसऱ्या लिंका काढून टाकल्या. एका जुन्या डेटाबेसची तेवढी ठेवलीय, शेजारी एक ओळ लिहून: ‘हलकी आवृत्ती. संदर्भ सेव्ह होत नाहीत.’